पुलाच्या फोटोतले पणजोबा

बटाणीच्या तोंडून ते वाक्य वर्गात बाहेर पडलं, तेव्हा तिची आई घरी धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत बसली होती. हे मुद्दाम सांगायचं कारण, पुढे या प्रकरणात घरातल्या प्रत्येकाने कधी ना कधी "हे सगळं सूनबाईमुळे झालं" असं म्हणून घेतलं. सूनबाई म्हणजे बटाणीची आई. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरगी तिसरीत गेली, तरी घरात ती अजून सूनबाईच होती.

झालं होतं ते असं. बाईंनी वर्गाला एक लांब कागदी पट्टी करायला सांगितली होती. पट्टीच्या वरच्या अंगाला जगात काय काय घडलं ते, आणि खालच्या अंगाला त्याच वेळी आपल्या घरातला एक पूर्वज काय करत होता ते. कल्पना चांगलीच होती. चांगल्या कल्पना घरी येऊन आयांच्या गळ्यात पडतात, ही गोष्ट वेगळी. बटाणीने उभं राहून सांगून टाकलं, "नगरपालिकेत पुलाच्या उद्घाटनाचा मोठा फोटो आहे ना, त्यात माझे पणजोबा आहेत."

"फेकू!" दोन वेण्यांची एक मुलगी मागच्या बाकावरून ओरडली.

बाई मात्र खूश झाल्या. म्हणाल्या, "अरे वा! शुक्रवारी आपण सगळे तो फोटो बघायला जाऊ. तूच दाखव आम्हाला पणजोबा."

बटाणी घरी आली ती दप्तर न उतरवता दारातच उभी राहिली. "आई, पणजोबा फोटोत कुठे आहेत?"

सूनबाईने हातातलं काम टाकलं. कारण 'फेकू' हा शब्द वर्गात नवा नव्हता. आमच्या इमारतीत एक मांजर लिफ्टमधून एकटंच खाली जातं, असं बटाणीने मागे सांगितलं होतं. ते शंभर टक्के खरं होतं. पण वेणीवाली खात्री करायला घरी आली, तेव्हा ते मांजर लिफ्टसमोर असं काही बसून राहिलं, जणू जन्मात यंत्र पाहिलेलं नाही. तेव्हापासून बटाणीने 'आज खूप ऊन आहे' म्हटलं तरी वर्ग खिडकीतून बघून घ्यायचा. पोरगी मधल्या सुट्टीत एकटी डबा खाते, हे सूनबाईला शाळेच्या कुंपणाच्या जाळीतून दिसलं होतं. (ती तिथून सहज जात होती. रोज सहज जात होती.) आता शुक्रवारी पोरीने फोटोसमोर उभं राहायचं आणि बोट ठेवायला जागाच सापडायची नाही, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"आई, फोटोत ते नक्की कुठे उभे आहेत?" तिने सासूबाईंना विचारलं. पणजोबा म्हणजे सासूबाईंचे सासरे. ते पुलाच्या कामावर मोठे इंजिनिअर होते, ही माहिती सासूबाईंनीच बटाणीला पाळण्यापासून पाजली होती.

"पुढेच आहेत," सासूबाई म्हणाल्या. "मानाचा माणूस मागे कशाला उभा राहील?"

नवऱ्याने नगरपालिकेच्या संकेतस्थळावरून फोटो मोबाईलवर घेतला. पुलाला पाऊणशे वर्षं होऊन गेली होती, फोटोही तेवढाच जुना. त्यात माणसं भरपूर आणि डोकी मोहरीएवढी. मोठं करायला गेलं की मोहरीचे चौकोन होत.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या रांगेतल्या एका चौकोनावर बोट ठेवलं. "हे बघ. नाक आपल्या घराण्याचं."

"आई, ते नाक नाहीये, ती मागच्या माणसाची टोपी आहे," सूनबाई म्हणाली.

"तुला आमचं नाक काय माहीत?"

गावाकडच्या चुलतसासऱ्यांना फोटो पाठवला. त्यांनी उलट फोन करून सांगितलं, छत्री घेतलेला तो आपला माणूस, उभं राहण्याची ऐट बघा. अर्ध्या तासाने त्यांचा परत फोन आला, छत्रीवाला नव्हे, छत्रीवाल्याकडे बघणारा. नवरा रंगाच्या कारखान्यात हिशेब बघायचा. त्याला कुठलाही आकडा न जुळणं सहन होत नसे, आणि म्हणूनच तो जुळवण्यात पटाईत होता. तो म्हणाला, "अगं, कुणावरही बोट ठेव आणि मोकळी हो. कोण फोटोतून उतरून सांगायला येणार आहे?"

"आपण पोरीला खोटं शिकवायचं?"

"खोटं कुठे? अंदाज."

ती रागाने स्वयंपाकघरात गेली. पण खरं सांगायचं तर तिथे जाऊन तिने मोबाईल पुन्हा उघडला. दुसऱ्या रांगेत एक गृहस्थ होते. चेहरा मवाळ, डोक्यावरचे केस बेताचे. पूर्वज म्हणून घरात आले असते तर कुणाला जड झाले नसते. तिने त्यांना मनात राखून ठेवलं.

ही बातमी समोरच्या फ्लॅटपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तिथे एक निवृत्त मोजणीदार राहत. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या, आणि निवृत्तीनंतर हातात मोजणीची साखळी नसली की त्यांना करमत नसे. ते दार न वाजवताच आत आले.

"वहिनी, नाक फसवतं. कान बघा. माणसाचा कान पिढ्यान् पिढ्या बदलत नाही."

"असं असतं का?"

"लांबीला रुंदीने भागायचं. जो आकडा येईल तो तुमचा घराण्याचा कान. मग फोटोत तसा कान शोधायचा. अगदी सोपं आहे."

सुशिक्षित माणसाला 'लांबीला रुंदीने भागा' असं सांगितलं की त्याला ते खरंच वाटतं. सूनबाई तर पदवीधर होती. तिने बटाणीची फूटपट्टी घेतली आणि घर कान मोजायला बसलं. सासूबाई म्हणाल्या, "माझा कशाला? मी तर बाहेरून आलेली." पण केस मागे सारून त्या रांगेत बसल्याच. नवऱ्याने आधी नकार दिला, मग पट्टी गार लागते म्हणून तक्रार केली. मोजणीदारांनी बटाणीचा कान घराण्याचा धरून स्वतः कागदावर भागाकार केले, पुन्हा केले, आणि घसा खाकरला.

"काय झालं?"

"यांचा कान," नवऱ्याकडे पेन्सिल दाखवून ते म्हणाले, "घराण्याशी जुळत नाही."

सासूबाईंनी मोजणीदारांकडे असं पाहिलं की त्यांनी घाईघाईने स्वतःचा कान मोजून दाखवला. तो मात्र बटाणीच्या कानाशी तंतोतंत जुळला! त्यानंतर त्या दिवशी या विषयावर घरात कोणी बोललं नाही. नवरा तेवढा आरशासमोरून जाताना जरा थांबत होता.

तात्पर्य, खरा फोटो जवळून बघण्याला पर्याय नव्हता. सूनबाई नगरपालिकेत गेली.

फोटो सभागृहात होता, अध्यक्षांच्या खुर्चीच्या मागे आणि दरवाजाहून उंच टांगलेला. खाली पितळी पाटी होती: 'नव्या पुलाच्या उद्घाटनप्रसंगी आनंदविभोर झालेले नागरिक.' तिथल्या कारकुनाने तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"फोटो जवळून बघायचा? मग अर्ज लागेल. फोटोशी आपलं नातं काय?"

"नातं आहे का तेच तर बघायचंय."

"नात्याचा पुरावा असल्याशिवाय बघता येत नाही, मॅडम."

"पण बघितल्याशिवाय पुरावा कुठून आणू?"

कारकून विचारात पडला. हा प्रश्न त्याच्याआधी कुणी विचारला नसावा. शेवटी त्याने एक मार्ग काढला: परवानगी देता येणार नाही, पण तो चहाला जाईल. शिडी मात्र विद्युत विभागाकडे होती. विद्युत विभाग म्हणाला, शिडी आमची, पण तिच्या पायांची रबरं भांडार विभागाची. रबरांशिवाय शिडी देणं नियमात बसत नाही, आणि भांडार विभाग तर बैठकीला गेलेला. ती रबरांशिवायच शिडी घेऊन आली. कशी, ते तिने घरी कधी सांगितलं नाही. पण त्यात थोडे अश्रू होते आणि ते सगळेच नाटकी नव्हते.

ती भिंग घेऊन वर चढली आणि पहिल्या रांगेच्या कोटांपर्यंत पोचते न पोचते तोच सभागृहाचं दार उघडलं आणि गटार समिती आत आली.

पटकन उतरावं, तर शिडी डुगडुगायला लागली. तिने मान फिरवून कसंनुसं हसून दाखवलं. समितीला वाटलं, फोटो साफ करणारी बाई असावी. बैठक सुरू झाली. गटारांवर झाकणं बसवायची की नाही यावर वाद रंगला. वर सूनबाई श्वास रोखून उभी आणि समोर पाऊणशे वर्षांपूर्वीचे नागरिक. मान वळवायची सोय नसल्याने ती त्यांनाच बघत राहिली. आणि बघता बघता तिला काहीतरी विचित्र वाटायला लागलं. एकाही माणसाचा हात जागेवर नव्हता. सगळ्यांनी हात अंगापासून वीतभर लांब धरलेले, बोटं पसरलेली, जशी लहान मुलं हाताला खाऊ चिकटला की धरतात तशी. आनंदविभोर झालेली माणसं अशी उभी राहतात? शिवाय पांढऱ्या कोटांवर गडद पट्टे होते. तिला वाटलं, फोटोला बुरशी लागली.

इतक्यात शिडी सरकली. तिने आधारासाठी हात वर केला आणि फ्रेम धरली.

"झाकणांच्या बाजूने आणखी एक मत," अध्यक्ष म्हणाले. "ठराव मंजूर."

ती खाली उतरेपर्यंत टाळ्या वाजत होत्या. विरोधी गटाच्या एका बाईंनी जाताना तिला "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती" असंही सुनावलं. पण शिडीवरून तिने मोबाईलमध्ये फोटोचा एकेक तुकडा स्पष्ट उतरवून घेतला होता, मवाळ गृहस्थांसकट.

ते तुकडे घेऊन ती आत्यांकडे गेली. आत्या म्हणजे तिच्या नवऱ्याच्या आत्या, पणजोबांची धाकटी लेक. त्यांच्याकडे आधीच जायला हवं होतं हे खरं, पण आत्या आणि सासूबाई यांच्यात एका शिवणयंत्रावरून अबोला होता आणि ते यंत्र मोडूनही अबोला शाबूत होता. आत्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मोबाईल नाकाजवळ धरला, एकेक तुकडा पुढे सरकवला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. सूनबाई घाबरली. तिला वाटलं, जुन्या आठवणींनी रडू आलं.

आत्या हसत होत्या.

"अगं, यात कुठून असणार ते! ते पुलाखाली लपले होते."

"लपले होते? इंजिनिअर?"

"कोण इंजिनिअर? वहिनी अजून तेच सांगतात वाटतं!" आत्यांना नवा ठसका लागला. "रंगारी होते माझे वडील. पुलाचा कठडा रंगवायचं काम होतं त्यांच्याकडे. युद्ध नुकतंच संपलेलं. जो रंग निघेल तो जहाजांना जायचा, बाजारात डबा दिसत नव्हता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कुठून तरी रंग आला. पण तो पातळ करायला टर्पेंटाइन काही मिळेना. मग त्यांनी तेल घातलं. घातलं ते घातलं, भरपूर घातलं. तो रंग वाळतोय कशाला?"

सूनबाईने मोबाईल हातात घेतला. वीतभर लांब धरलेले हात. पसरलेली बोटं. कोटांवरचे पट्टे.

"म्हणजे हे सगळे..."

"माखले होते गं! फोटोवाला 'हलू नका' म्हणून ओरडतोय आणि कुणाला हात कुठे ठेवावा कळत नाहीये. बाबा पुलाखाली चिखलात बसून वरच्या शिव्या ऐकत होते. अंधार पडल्यावर घरी आले. पुन्हा काही त्यांना कामावर घेतलं नाही." आत्यांनी डोळे पुसले. "आईने नंतर सगळ्यांना सांगितलं, त्यांनी मोठी नोकरी सोडली म्हणून. तिथून हे वाढत गेलं."

सूनबाई घरी आली ती मवाळ गृहस्थांचा निरोप घेत घेतच. भला माणूस होता बिचारा, पण त्याच्याही कोपराला डाग होता.

घरात सांगितल्यावर सासूबाईंनी आधी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "ही गोष्ट या चार भिंतींच्या बाहेर जाता कामा नये. लोकांना इंजिनिअर माहीत आहेत. उद्या त्यांनी काय म्हणायचं, साहेबांचे कोट खराब केले म्हणून हाकलला?"

"मी म्हणत होतो," नवरा म्हणाला, "कुणावरही बोट ठेवा."

आणि इथे सूनबाईची खरी पंचाईत झाली. पोरीला फेकू ठरू द्यायचं नव्हतं म्हणून एवढी धावाधाव केली. आता तिला फेकू ठरू न देण्याचा एकच सोपा रस्ता उरला होता आणि तो म्हणजे तिला सराईत फेकू करणं. गुरुवारी संध्याकाळी ती बटाणीशेजारी बसली, तिच्या कपाळाला हात लावला आणि आशेने विचारलं, "तुला जरा कणकण वाटतेय का गं?"

"नाही."

"घसा?"

"आई, तू असं कधी करतेस मला माहीत आहे. काय झालंय?"

मग तिने सांगितलं. सगळंच सांगितलं, अगदी तेलापर्यंत. बटाणीने ऐकून घेतलं.

"मग आजी खोटं बोलली?"

"नाही गं. आजीने जे ऐकलं ते सांगितलं."

"मग मी खोटं बोलले?"

"तू आजीने सांगितलं तेच सांगितलंस."

"मग खोटं कोण बोललं?"

घराण्यातलं खोटं हे घरातल्या जुन्या पातेल्यासारखं असतं. सगळे वापरतात, विकत कुणी आणलं ते कुणालाच आठवत नाही. "उद्या तू काय सांगशील?" एवढंच सूनबाईने विचारलं. बटाणीने खांदे उडवले आणि ती दात घासायला गेली. त्या खांद्यांचा अर्थ लावत सूनबाईने रात्र काढली.

शुक्रवारी ती मुलांना सांभाळायला मदत म्हणून वर्गाबरोबर गेली. सासूबाईही आल्या. त्यांना म्हणे नगरपालिकेत पाणीपट्टीचं विचारायचं होतं. प्रत्यक्षात त्या नातीच्या तोंडावर पहारा ठेवायला आल्या होत्या, हे बघताक्षणी कळत होतं. कारकुनाने या खेपेला, मुलं आहेत म्हणून, फोटो उतरवून टेबलावर उभा करून ठेवला होता. सूनबाईने त्याच्याकडे जे पाहिलं ते शब्दांत सांगण्यासारखं नाही.

"हं, दाखव बरं पणजोबा," बाई म्हणाल्या.

बटाणी पुढे झाली. फोटोत निदान दहा-वीस सोज्वळ चेहरे बोट ठेवून घ्यायला तयार उभे होते. सूनबाईला वाटलं, ठेव, कुणावर तरी ठेव आणि सुट. त्याच वेळी वाटलं, नको गं बाई, नको ठेवूस. सासूबाईंनी पर्स छातीशी घट्ट धरली. बटाणीने बोट उचललं आणि ते माणसांच्या मागच्या कठड्यावर टेकवलं.

"हा तर कठडा आहे," बाई म्हणाल्या.

"हा माझ्या पणजोबांनी रंगवलाय. ते फोटोत नाहीत. मी आहेत म्हणाले होते, पण ते चुकलं. ते पुलाखाली लपले होते, कारण रंग ओला होता आणि हे सगळे त्याला चिकटले."



"फेकू!" वेणीवाली म्हणाली.

बटाणीचा चेहरा पडला. सूनबाईने तोंड उघडलं. आत्या, युद्ध, जहाजं, टर्पेंटाइन, सगळं ओठांवर आलं होतं. पण बटाणीने वळून तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि सूनबाईने आयुष्यात पहिल्यांदाच उघडलेलं तोंड मिटलं.

"फेकत नाहीये," बटाणी म्हणाली. "त्यांचे हात बघ."

वेणीवाली पुढे आली. तिने फोटोला नाक लावलं. या मुलीचा संशय कारकुनापेक्षाही पक्का होता. तिने एकेक माणूस तपासला. हात बघितले. बाह्या बघितल्या. मग ती अगदी कडेच्या एका जाड्या गृहस्थांपाशी थांबली. ते शेजाऱ्याशी बोलायला वळले होते, त्यामुळे कॅमेऱ्याकडे त्यांची पाठ होती. शिडीवरून सूनबाईने त्यांना पाठ म्हणून वगळलं होतं.

"बाई," वेणीवाली हळू आवाजात म्हणाली, "यांच्या कोटावर अख्खा कठडा छापलाय."

खरंच छापला होता. दोन आडवे दांडे आणि मधली नक्षी, अगदी सुबक. मग काय विचारता! सगळा वर्ग टेबलावर तुटून पडला. "इथे एक!" "याच्या मांडीला बघ!" "ह्याने तर गालाला लावलंय!" बाईंनी शांत राहा, शांत राहा म्हणत स्वतःच दोन शोधले. कारकून पितळी पाटीकडे आणि आनंदविभोर नागरिकांकडे आळीपाळीने बघत होता.

"म्हणजे ही पाटी चूक आहे," तो हताश होऊन म्हणाला. "बदलायची तर अर्ज लागेल. नातेवाइकाचा."

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या अजून पर्स धरून उभ्या होत्या. समोर तीस-चाळीस पोरं आपल्या सासऱ्यांची करामत हरखून बघतायत, हे दृश्य कुठल्या इंजिनिअरच्या वाट्याला आलं असतं? त्यांनी पर्सची चेन उघडून चष्मा काढला.

"कुठे सही करायची?" त्यांनी विचारलं. "आणि नीट लिहा. रंग पक्का होता म्हणावं. वाळला नाही ती गोष्ट वेगळी."

परत जाताना मुलांची रांग जिन्यावरून उतरत होती. सूनबाई सर्वांत मागे होती, तिच्या पुढे बटाणी आणि बटाणीच्या शेजारी, कशी कोण जाणे, वेणीवाली. फोटो बघायला पाठोपाठ आलेल्या दुसऱ्या वर्गातला एक मुलगा खालून वर येत होता. तो थबकून विचारत होता, त्या फोटोतल्या मोठमोठ्या लोकांना म्हणे रंग लागलाय, कशावरून?

"ती म्हणाली ना!" वेणीवाली म्हणाली, आणि याहून मोठा पुरावा नगरपालिकेतही मिळत नसल्यासारखी पुढे निघून गेली.